डाग

हर्मेलिंदा क्वाउत्ले काचा धुते.
तोनान्त्सिन्त्ला गावाच्या टेकडीवर, वेधशाळेच्या तळघरात,
लाल बल्बखाली, मनगटापर्यंत हायपोत.
घरी गेली की एल्पिदिया नाक मुरडते:
आई, तुला आंबट वास येतो.
माझा नाही गं, आकाशाचा.

काचेवर सगळं उलटं.
आकाश पांढरं, साय धरल्यासारखं,
तारे काळे, खसखस सांडावी तसे.
पहिल्या वर्षी तिला वाटायचं, हे डाग आपल्याच हातून पडलेत,
आता पगार कापणार.

आज यंत्रात दोन काचा शेजारी शेजारी:
एक सात वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली,
एक परवाची.
झडप टकटक करते. ही, ती. ही, ती.
आपण ज्याला मृगाच्या पोटातला बाण म्हणतो
त्याला इथले लोक तीन मारिया म्हणतात.
त्यांच्या बरंच खाली, काळ्या ढगाच्या काठाशी
हजार तारे जागचे हलत नाहीत,
आणि एक पुसट ठिपका
आहे, नाही.
आहे, नाही.

तिने आधी स्वतःचा अंगठा पाहिला.
मग काच काढून पुन्हा धुतली,
आणि वाळेपर्यंत वर पायरीवर जाऊन उभी राहिली.
खाली झेंडूची शेतं कापून झालेली, नुसती थोटकं.
पलीकडे पोपोकातेपेत्लच्या तोंडाशी
धुराची रेघ, असेल नसेल इतकी.

डाग गेला नाही.

सुबिएता नावाचा तरुण खगोलशास्त्रज्ञ धावत आला,
एका पायात मोजा नाही.
इथे तारा नाहीये, म्हणाला. तारा मागे आहे,
ढगाच्या आत, तो कुठल्याच काचेत येत नाही.
नुकता जन्मतोय.
भोवतालचा वायू ओढून घेतो,
आणि घेतल्यातलाच थोडा दोन्ही अंगांनी फेकतो,
असा, की इथून राजधानीला
एका सेकंदात पोचेल आणि थांबणार नाही.
ढगावर जिथे आदळतो
तिथे वायू पेटतो, त्याचा हा उजेड.
चोलुलाचा पिरॅमिड अजून बांधत होते, तेव्हाचा.

हर्मेलिंदा मान हलवत राहिली.
तिला ढग ठाऊक होता.

सात वर्षांपूर्वी, बाळंतपणानंतर,
सासूने, क्रेसेन्सिया सुईणीने,
तिला नि पोरीला तेमास्कालमध्ये घेतलं होतं.
दगडाची बुटकी खोली, दाराला घोंगडी.
तापल्या दगडांवर पाण्याचा हबका,
आणि मग स्वतःचा हातसुद्धा दिसेना.
पिरुलच्या पाल्याचा वास.
मांडीवर काहीतरी निसरडं, गरम, रागावलेलं.
बाहेर थंडीत बापे उभे होते.
नंतर दीर सांगायचा,
आम्हाला काय दिसणार, वहिनी?
घोंगडीच्या फटीतून वाफ फुसकन् यायची
आणि चुलीच्या जाळाने लाल व्हायची.
तेवढ्यावरून ओळखलं, आत चाललंय सगळं ठीक.

आणि प्यायची तरी किती ती पोरगी!
प्यायची, आणि त्यातलं थोडं
लगेच खांद्यावर सोडून द्यायची.
निळ्या रेबोसोवरचा तो डाग
तिने लिंबाने घासला, राखेने घासला.
अजून आहे.

हे सुबिएताला सांगावं असं तिला वाटलं,
पण तो दुसऱ्या मोज्याच्या शोधात होता,
किंवा फोनच्या.

मग तिने नोंदवही उघडली.
काचेचा क्रमांक. तारीख. हवामान: स्वच्छ, वारा.
शेवटच्या रकान्यात नेहमी तीच लिहायची,
ओरखडा, बुडबुडा, बोटाचा ठसा.
पेन्सिलीला थुंकी लावून
ती बराच वेळ बसली.

दोष: नाही.

बल्ब विझवला. हात धुतले, दोनदा.
वास राहिलाच.